अर्जापुरते भांडवल



माझे गणित पगाराच्या हिशेबापुरते. तरी परदेशातील गणिताच्या उच्च शिक्षणावर बोलायला उभा राहिलो, कारण त्या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका सभासदाची एम.एस्सी. झालेली मुलगी विचारायला आली, "काका, अमेरिकेत पीएच.डी.साठी अर्ज करू का?" मी म्हणालो, "बाळ, एवढा पैसा आणायचा कुठून?" ती गप्प झाली आणि नोकरीला लागली. मी चौकशी न करताच निकाल देऊन बसलो होतो.

चौकशी मागाहून केली. तिकडे गणिताच्या पीएच.डी.ला प्रवेश मिळाला, की फी बहुधा विद्यापीठच सोसते आणि खालच्या वर्गांना शिकवण्याबद्दल विद्यार्थ्याला वेतन देते. हे दान नव्हे, मेहनताना आहे. त्यासाठी २०२२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठात सुमारे ४८,००० जणांनी संप केला. त्यांत असे शिकवणारे विद्यार्थीही होते.

मग गरिबाचे अडते कुठे? उंबरठ्यावरच. एका अर्जाला बहुधा शंभर डॉलरांच्या आसपास फी. दहा अर्ज म्हणजे ऐंशी हजारांहून अधिक रुपये. काही ठिकाणी ती माफ होते, पण मागावी लागते. शिवाय साधारणपणे तीन शिफारसपत्रे हवीत. तिथे आमदारसाहेबांची चिठ्ठी चालत नाही. मुलीने कोणते गणित कसे सोडवले, हे जाणणारा शिक्षकच लागतो.

आपल्या जिल्ह्यातल्या दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. त्यांचा गौरव आपण नेहमी करतो. पण त्यांच्या बुद्धीमागे सरकारी शिष्यवृत्ती उभी होती, हे विसरतो. बुद्धी गावात जन्मते. बोटीचे भाडे गावात उगवत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. कामगारांच्या पतपेढ्या लग्नाला कर्ज देतात, घराच्या कौलांना देतात. तशाच अर्जाच्या फीला आणि पहिल्या विमानभाड्याला द्याव्यात. अर्जांची मुदत बहुधा डिसेंबरच्या सुमारास संपते. तेव्हा ठराव या पावसाळ्याआधी व्हायला हवा. त्या मुलीकडे मी स्वतः जाऊन आलो. ती म्हणाली, "काका, पुस्तके अजून माळ्यावर टाकलेली नाहीत."