अण्णांच्या रस्त्यावरून मोडनिंबला

(हा भाग बोललेला आहे, तसाच उतरवून घेतलाय. ऐकायला वेळ नसणाऱ्यांसाठी आणि वाचायलाच आवडणाऱ्यांसाठी.)

मागच्या भागाच्या शेवटी म्हणालो होतो, की पुढच्या वेळी प्रवासावर बोलू. बऱ्याच जणांनी विचारलं, कुठला प्रवास? हिमालय का कोकण? तर नाही. पुणे ते मोडनिंब. सोलापूर रोड. (हसतो) हसू नका. ज्या रस्त्याने आपण आयुष्यभर जातो-येतो, तो रस्ता आपण बघतच नाही. मी पण बघितला नव्हता.

आधी थोडं घरचं सांगतो. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एसटीत ड्रायव्हर होते. 1976 ला लागले, 2009 ला रिटायर झाले. तेहतीस वर्षं. त्यातली निम्मी तरी सोलापूर-पुणे. गाव आमचं मोडनिंब, माढा तालुका. आता अण्णा-आई आमच्याकडे हडपसरला असतात. वय चौऱ्याहत्तर. आणि गाडी चालवायची हौस अजून तशीच. गाडी माझ्या नावावर आहे, पण गाडीत बसलं की ती कुणाची आहे हे विचारायची कुणाची हिंमत नाही.

झालं काय, तर दिवाळीच्या आधी सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडताना अण्णांनी एका सायकलवाल्या पोराला घासलं. पोराला काही लागलं नाही, नुसता घाबरला. अण्णा म्हणाले, "आरं, कुठनं आला त्यो? दिसलाच न्हाई." आम्ही सगळ्यांनी पोरालाच बोल लावला. पण बायकोच्या डोक्यात ते "दिसलाच न्हाई" राहिलं. ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. निघाला काचबिंदू.

आता इथे थोडं थांबतो, कारण हे मलाही माहीत नव्हतं. अण्णांचं दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. पेपरातली बारीक अक्षरं ते चष्म्याने वाचतात. त्यामुळे त्यांच्या मते डोळे एकदम टकाटक. पण मोतीबिंदू वेगळा आणि काचबिंदू वेगळा. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, ते बदलता येतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस खराब होत जाते, आणि जे गेलं ते परत येत नाही. औषधाचे थेंब घालून पुढचं वाचवायचं, एवढंच हातात. आणि बहुतेक वेळा आधी जातं ते बाजूचं दिसणं. समोरचं शेवटपर्यंत बरं दिसतं. म्हणून माणसाला कळतच नाही. अंधार वगैरे काही दिसत नाही, बाजूची वस्तू नुसती नसते. मेंदू ती जागा आपल्या मनाने भरून टाकतो.

डॉक्टर म्हणाले, गाडी बंद करा. अण्णा म्हणाले, बरं. आणि घरी येऊन म्हणाले, "डॉक्टर काय, कायबी सांगत्यात."

तर अशा परिस्थितीत जानेवारीत आम्ही निघालो. चुलतभावाकडे कार्य होतं. मी, बायको, नऊ वर्षांची लेक, आई आणि अण्णा. मी चालवणार, अण्णा शेजारी बसणार, असं ठरलं. अण्णा काही बोलले नाहीत. ते काही बोलत नाहीत तेव्हा समजायचं, की विषय संपलेला नाही.

पण खरं सांगतो, रस्ता सुरू झाला आणि अण्णा खुलले. माझ्या लेकीला म्हणाले, "ह्यो रस्ता कुठं जातो सांग?" ती म्हणाली, सोलापूरला. "सोलापूर मधी लागतंय. ह्यो जातो हैदराबाद, विजयवाडा आन् पार मछलीपट्टणमच्या समुद्राला." पूर्वी हा नॅशनल हायवे नंबर 9 होता. 2010 मध्ये देशातल्या हायवेंचे नंबर बदलले, तेव्हा 65 झाला. अण्णा आजपण नऊ नंबरच म्हणतात. मछलीपट्टणम म्हणजे गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचं बंदर. म्हणजे बघा, दख्खनच्या पठारावरून बंगालच्या उपसागराला जाऊन टेकणारा रस्ता, आणि आपण त्याला म्हणतो 'सोलापूर रोड'.

उरुळी कांचन आलं. गांधीजी 1946 मध्ये इथे आले होते आणि निसर्गोपचार आश्रम सुरू केला होता, हे मी लेकीला सांगितलं. पुढे मणिभाई देसाईंनी तो सांभाळला, आणि 1967 मध्ये इथूनच बाएफ ही संस्था उभी राहिली. गावठी गाईंना संकरित वासरं व्हायला लागली, दुधाचा धंदा वाढला, त्यात ह्या संस्थेचा मोठा वाटा. अण्णांची आठवण वेगळी. "हितं पहाटेच्या गाडीला दुधाच्या किटल्या चढायच्या. कंडक्टर वरडायचा, मी म्हणायचो चढू दे." (हसतो)

यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ. मग भिगवण. भिगवणच्या पुढे डाव्या हाताला उजनीचं पाणी दिसायला लागतं. जानेवारीत तिथे रोहित पक्षी असतात, फ्लेमिंगो हो. लोक पुण्यामुंबईहून कॅमेरे घेऊन येतात. आम्ही पळसदेवच्या अलीकडे गाडी थांबवली. आई पाण्याकडे बघत म्हणाली, "ह्याच्या खाली गावं हायेत." खरंच आहेत. उजनी धरण भीमेवर, 1980 मध्ये पूर्ण झालं. पळसदेवचं जुनं गाव पाण्यात गेलं, आजचं गाव म्हणजे हायवेकडेला पुन्हा वसवलेलं. जुन्या पळसनाथाच्या देवळाचं शिखर दुष्काळी उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की वर येतं. मग लोक नावेतून, चालत बघायला जातात. ज्यांची गावं बुडाली त्यांना पाणी उशिरा मिळालं आणि खालच्या अंगाला उसाचे मळे उभे राहिले, हे सोलापूर जिल्ह्यात कुणालाही विचारा, दोन्ही बाजूंनी सांगतील. आमचं घर खालच्या अंगाचं. त्या पाण्यावर आमचाही ऊस झालाय. हे सांगायला हवं.

इंदापूर. इथे मालोजीराजे पडले, शिवाजी महाराजांचे आजोबा. त्यांची गढी गावात आहे. आता हायवे गावाबाहेरून जातो, त्यामुळे इंदापूर म्हणजे एक हिरवी पाटी झालीय. अण्णा म्हणाले, "पूर्वी गाडी गावातनं जायची. स्टँडवर पंधरा मिनटं. च्या प्यायचा, कुणाचं पोर रडतंय, कुणाची कोंबडी सुटलीय, सगळं कळायचं." आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं. लिंब, वड, चिंचा. बुंध्याला चुना आणि गेरूचे पट्टे. रात्री दिव्याच्या उजेडात ते पट्टे बघत गाडी चालवायची. चौपदरी झाला तेव्हा ती झाडं गेली.

भीमेचा पूल ओलांडला, सोलापूर जिल्हा लागला. टेंभुर्णीला चहाला थांबलो. आणि तिथे अण्णांनी विषय काढला. कप ठेवला आणि म्हणाले, "हितनं पुढं मी घेतो."

मी म्हणालो, "अण्णा, नको."

"आरं, माझा रस्ता हाय ह्यो. डोळं झाकून नेतो."

बायको म्हणाली, "अण्णा, तुम्ही डॉक्टरांना हो म्हणाला होतात." त्यावर ते तिला काही बोलले नाहीत. मला म्हणाले, "गावात काय, पोराच्या बाजूला बसून जाऊ? लोक काय म्हणतील?"

मला राग आला. खरंच आला. मी किल्ली खिशात टाकली आणि गाडीत जाऊन बसलो. अण्णा शेजारी बसले. कुणीच बोलेना. वडिलांना नाही म्हणायची सवय नसते आपल्याला, त्यामुळे म्हणतो तेव्हा जरा जास्तच जोरात म्हणतो.

उसाचा हंगाम चालू होता. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. मी जपून चालवत होतो. वरवडे टोलनाक्याच्या आसपास डाव्या बाजूने, सर्व्हिस रोडवरून, एक मोटारसायकल उलट्या दिशेने एकदम हायवेवर आली. मी करकचून ब्रेक दाबला. मागे आई, लेक पुढच्या सीटवर आदळल्या. मोटारसायकलवाला हात दाखवून निघून गेला.

आणि अण्णांनी मला विचारलं, "ब्रेक का दाबलास?"

मी काही बोललो नाही. अण्णा डाव्या सीटवर बसले होते. मोटारसायकल त्यांच्या खिडकीच्या बाजूने आली होती, माझ्यापेक्षा त्यांना जवळ. लेक मागून म्हणाली, "आजोबा, ती बाईक! तुम्हाला नाही दिसली?" गाडीत शांतता. तेहतीस वर्षं ज्यांच्या डोळ्यांवर पन्नास-पन्नास माणसं झोपून गेली, त्या माणसाला मी असं गप्प झालेलं कधी बघितलं नव्हतं. माझा राग कुठे गेला ते कळलंच नाही.

अरणला वळलो. आईचं ठरलेलंच होतं. मोडनिंबच्या अलीकडे अरण, सावता माळ्यांचं गाव. तेराव्या शतकातले संत, 1295 मध्ये इथेच समाधी घेतली. पंढरपूर इतकं जवळ, पण ते मळा सोडून वारीला गेले नाहीत, विठोबाच त्यांच्या मळ्यात आला, अशी कथा आहे.

देवळाच्या आवारात लेकीने आजोबांना समोर बसवलं. डॉक्टरांनी केलेलं तिने बघितलं होतं. "आजोबा, एक डोळा झाका. माझ्या नाकाकडे बघा. बोटं हलताना दिसली की 'आता' म्हणायचं." तिच्या दृष्टीने खेळ. उजवीकडून बोटं आणली, अण्णा म्हणाले "आता". डावीकडून आणली. बोटं हलवत, हलवत, जवळजवळ नाकापर्यंत आली. तेव्हा अण्णा म्हणाले, "आता." तिने परत केलं. परत तेच. तिसऱ्यांदा अण्णांनी तिचा हात धरला आणि म्हणाले, "बास, बाळा."

मंडळी, हा घरगुती खेळ म्हणजे तपासणी नव्हे. खरी तपासणी मशिनवर होते. पण डॉक्टरांनी कागदावर दाखवलेले काळे डाग अण्णांना पटले नव्हते. नातीची बोटं पटली.

मग आई बोलली. ती एवढा वेळ गप्प होती. म्हणाली, "मगाधरनं माझा रस्ता, माझा रस्ता चाललंय. बहात्तरच्या दुष्काळात चौदा वर्साची हुते मी. आमच्या गावापासनं ह्या रोडला जोडणाऱ्या रस्त्याला खडी फोडलीया. हातोडा उचलायचा न्हाई मला. सुकडी खायची आन् खडी फोडायची. रस्ता ह्यांचा असंल, खडी माझी हाय. मी कधी म्हणलं का, मला चालवू द्या?"

अण्णा हसले. आम्ही सगळेच हसलो, आणि आईचे डोळे मात्र भरले होते. 1972 च्या त्या दुष्काळी कामांतूनच पुढे रोजगार हमी योजना पक्की झाली. वि. स. पागे यांची कल्पना, 1977 मध्ये कायदा झाला आणि पुढे 2005 मध्ये देशभरासाठी तसा कायदा आला. आपण ज्या डांबरावरून शंभरच्या स्पीडने जातो, त्याच्या खाली अशा कितीतरी आया आहेत. माझी आई आहे हे मला त्या दिवशी कळलं. पंचेचाळीस वर्षांचा आहे मी.

गाडीपाशी आल्यावर अण्णांनी बंडीच्या खिशातून दुसरी किल्ली काढली. लाल दोरा बांधलेली. ती हरवलीय म्हणून आम्ही दोन महिने शोधत होतो. (हसतो) माझ्या हातात दिली. बोलले काहीच नाहीत.

मोडनिंबला गेलो. भाकरी, शेंगाचटणी, आणि जानेवारी म्हणजे बोरं. अण्णांनी लेकीला स्टेशन दाखवलं. कुर्डुवाडी-पंढरपूर लाइनवरचं स्टेशन आमचं. पूर्वी इथून बार्शी लाइटची छोटी गाडी जायची, अडीच फुटी रुळांची. आषाढीला टपावर माणसं. आता ब्रॉडगेज आहे. संध्याकाळी पारावर कुणीतरी विचारलंच, "अण्णा, आज पोरगं चालवतंय व्हय?" अण्णा म्हणाले, "आमी रिटायर झालो बाबा आता." सोळा वर्षांनी.

आता दोन कामाच्या गोष्टी सांगतो. चाळिशी झाली की डोळ्यांचा दाब आणि नस तपासून घ्या, नुसता चष्म्याचा नंबर नको. घरात कुणाला काचबिंदू असेल तर मुलांना, भावंडांना धोका जास्त असतो. मी तपासून आलोय, सध्या ठीक आहे, दर वर्षी जायचंय. दुसरं, पंचावन्न वर्षांनंतर लायसन्स पाच-पाच वर्षांसाठी मिळतं, आणि नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला लागतो. तो दाखला 'आणून देतो' म्हणणारी माणसं सगळीकडे भेटतात. नका आणू. अण्णांचं लायसन्स यंदा संपतंय. त्यांनीच सांगितलं, राहू दे.

परत निघताना मी गाडी सुरू केली आणि आरशात बघत होतो. अण्णा शेजारी. त्यांनी मागे वळून सगळे बसले का बघितलं, मान पूर्ण फिरवून, डावीकडे, उजवीकडे. आता ते तसंच बघतात, डॉक्टरांनी शिकवल्यासारखं. मग डॅशबोर्डवर बोटाने दोनदा वाजवलं. टिंग टिंग.

एसटीत एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. तेहतीस वर्षं त्यांनी ती घंटा ऐकून गाडी हलवली. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी दिली.

मी गिअर टाकला.

चला, पुढच्या भागात भेटू. तुमच्या घरातही कुणाच्या खिशात लाल दोऱ्याची किल्ली असेल, तर मला जरूर कळवा. नमस्कार.