एक चूल, कीं वेगळ्या चुली?

बोरीवलीच्या फलाटावरून सकाळच्या गाडीनें कामास जाणाऱ्या तरुण मंडळींत संगणकाच्या आज्ञावली लिहिणारे पुष्कळ असतात. त्यांच्या व्यवसायांतील वाद घरच्या वडीलधाऱ्यांस परके वाटतात. परंतु त्यांतला एक वाद प्रत्येक मराठी घराच्या ओळखीचा आहे. चूल एक ठेवावी कीं वेगळी मांडावी, हाच तो वाद होय.

मोठी आज्ञावली म्हणजे हजारों पानांचा ग्रंथ. तो अनेक जण एकाच वेळीं लिहीत असतात. कोणीं, केव्हां, कोणती ओळ बदलली याची नोंद ठेवणारें जें दप्तर, त्यास रिपॉझिटरी, म्हणजे भांडार, म्हणतात. एकमेकींशीं नातें असलेल्या पांच-सात आज्ञावलींस एकच भांडार असावें, कीं प्रत्येकीस निराळें?

एल.एल.व्ही.एम. या प्रकल्पापुढें हाच प्रश्न उभा राहिला. माणसानें लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या भाषेंत उतरविणारीं साधनें तेथें तयार होतात. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत २००० सालीं त्याचा आरंभ झाला. क्रिस लॅटनर हे विद्यार्थी, आणि त्यांचे मार्गदर्शक विक्रम अडवे हे बोरीवलीच्या डोंगरापलीकडील पवईच्या आय.आय.टी.चे पदवीधर.

पुढें प्रकल्पाचा संसार वाढला. क्लँगसारखीं नवीं साधनें त्यांत आलीं. जुन्या पद्धतीच्या दप्तरांत या सर्वांस मिळून एकच अनुक्रमांक चालत असे. मात्र २००५ सालीं लिनस टोरवाल्ड्स यांनीं निर्माण केलेल्या गिट या पद्धतीकडे जाण्याचें ठरलें, तेव्हां वाटणीचा प्रश्न निघाला. भांडारें वेगळीं केल्यास दोन साधनांस स्पर्श करणारी एकच दुरुस्ती दोन ठिकाणीं नोंदावी लागे, आणि मधल्या वेळांत एकाचा दुसऱ्याशीं मेळ बसत नसे. उलट, ज्यास एकच लहान भाग हवा, त्यानें सगळा पसारा घरीं कां आणावा, हा आक्षेपही खोटा नव्हता. २०१६ सालीं याचा बराच खल झाला. अखेर ऑक्टोबर २०१९ मध्यें सर्व मुख्य भाग, जुन्या नोंदींसह, एका भांडारांत आले.

यावरून एकत्र कुटुंबच सदैव श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढूं नये. गूगलनें २०१५ सालीं सुमारें २०० कोटी ओळींचें एक भांडार सांभाळलें होतें. पण तेवढें ओझें तयार साधनांस पेलेना, म्हणून स्वतःची यंत्रणा उभारावी लागली. शिवाय अँड्रॉइड व क्रोम, ज्यांत बाहेरचे लोकही हात लावतात, हीं दोन त्याच कंपनीनें वेगळीं ठेविलीं. गिटमध्यें एका भांडाराचा कांहीं भाग कोणास दाखवावा आणि कांहीं झांकावा, हेंही सहज साधत नाहीं.

मग निर्णय कसा करावा? केवळ नांवाच्या नात्यावर विसंबूं नये. गेल्या सहा महिन्यांच्या नोंदी चाळाव्या. एका कामासाठीं दोन भांडारांत हात घालण्याची पाळी वारंवार आली असेल, तर तीं दोन्ही मुळांत एकच घर आहे. मध्यें घातलेली भिंत पाडावी. तसें न केल्यास एखादा धोकादायक दोष चार ठिकाणीं दुरुस्त होतो आणि पांचव्या ठिकाणीं विसरला जातो. तेवढ्या फटींतून चोर शिरतो. परंतु तशी पाळी क्वचितच आली असेल, तर ओढूनताणून एकत्र आणूं नये. कारण मग एकाच्या क्षुल्लक चुकीनें सगळ्यांची कामें अडतात.

एकत्र येणें म्हणजे घरधनी नाहींसे करणें नव्हे. १९५७ सालीं बोरीवली बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दींत आली. तरी स्थानिक कारभारासाठीं आर-मध्य हें विभाग कार्यालय आहेच. तसेंच एका भांडारांतही प्रत्येक कप्प्यास जाणता राखणदार हवा. चूल एक झाली, तरी तिच्यावरचें दूध उतूं जाऊं नये, हें कोणीतरी पाहावेंच लागतें.