पडवीची रेषा



रत्नागिरीत उभे राहून वास्तुरचनेविषयी बोलावयाचे, तर या गावच्या दोन इमारतींचा दाखला दिल्यावाचून मला पुढे जाववत नाही. पहिली थिबा राजवाडा. ब्रह्मदेशच्या पदच्युत थिबा राजास इंग्रज सरकारने १८८६ साली येथे नजरकैदेत आणून ठेवले. पुढे १९१० च्या सुमारास त्याच्यासाठी ही प्रशस्त वास्तू सिद्ध झाली आणि १९१६ च्या डिसेंबरात तो याच गावी निवर्तला. तिच्या कमानी आजही नेत्रसुखद आहेत, पण ज्या इमारतीचा हेतूच एका मनुष्यास लोकांपासून अलग ठेवणे हा होता, ती त्याच्या हयातीत गावाची होणार तरी कशी?

दुसरी इमारत पतितपावन मंदिराची. तिच्या प्रेरणेमागेही एक स्थानबद्ध पुरुषच होता, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. येथे स्थानबद्ध असलेल्या सावरकरांच्या आग्रहावरून भागोजीशेठ कीरांनी स्वतःचे द्रव्य खर्चून १९३१ साली जे मंदिर उभारले, त्यातील अपूर्वाई दगडात वा शिखरात नव्हती. ज्यांना अन्य देवळांची पायरीही चढू दिली जात नव्हती, त्यांना येथे थेट गाभाऱ्यापर्यंत मुक्तद्वार होते, ही ती अपूर्वाई. इमारतीचा नकाशा करताना प्रथम ठरवावयाची गोष्ट म्हणजे उंबरठा कोणासाठी, हे मी या मंदिराच्या आवारात शिकलो.

आणि उंबरठ्याच्याही अलीकडे आपल्या कोकणी घराला पडवी असते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या मुलखात जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत आणि कौलांचा उतार जितका अवश्य, तितकीच ही पडवीही. पागोळ्या गळत असताना वाटसरू तेथे विनापरवाना टेकतो, शेजारीण सुपारी कातरीत बसते, पोस्टमन पत्र देऊन दोन शब्द बोलतो. घर आणि गाव यांच्या सीमेवरील ही जागा दोघांच्याही मालकीची असते. आज मात्र चटईक्षेत्राच्या हिशेबात तिला स्थान उरत नाही. रस्त्यालगत कुंपणाची भिंत, मागे मोटारींचा तळ आणि वर बंद खिडक्या, अशी इमारतींची रांग वाढत चालली आहे, आणि तिच्याकडे पाहून मला मनस्वी दुःख होते.

हे अपरिहार्य मुळीच नाही. याच पावसाच्या पट्ट्यात, नव्या मुंबईतील बेलापूर येथे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० नंतरच्या दशकात मर्यादित उत्पन्नाच्या लोकांसाठी बैठी वस्ती रचताना सात-सात घरांच्या मध्ये एक सामाईक अंगण ठेवले. घरे रहिवाशांनी पुढे मनाजोगती बदलली, मजले चढविले, तरी त्या अंगणांभोवतीचा शेजार आकारास आला. रचनाकाराने सर्वस्व आपल्या हाती न ठेवता लोकांसाठी काही शिल्लक ठेवले, हे त्या रचनेचे मर्म मला वाटते.

म्हणून आज वास्तुशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या स्नातकहो, माझी कळकळीची विनंती आहे. जागेची मोजणी करण्यापूर्वी तेथे एक अख्खा दिवस बसा. मासळी घेऊन येणारी स्त्री पाटी कोठे उतरविते, शाळेतली मुले कोणत्या सावलीत थांबतात, पहिली सर आली की माणसे कोणत्या आडोशाकडे धावतात, ते पाहा. मग आपल्या पहिल्या नकाशावर, यजमानाने मागितली नसली तरीही, रस्त्याच्या बाजूस पडवीची एक रेषा ओढा, आणि ती मंजूर होईपर्यंत त्याच्याशी व कचेरीशी भांडा.