आमच्या मोठीआई
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘घरातील थोर स्त्री’ या विषयावर चार शब्द बोलावेत, असे मला चिटणीसबाईंनी सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. पण विषय ऐकला आणि माझ्या आजेसासूबाईच डोळ्यांसमोर आल्या. सारी चाळ त्यांना मोठीआई म्हणत असे. २०१९ साली त्या गेल्या, तेव्हा नव्वदी केव्हाच उलटली होती.

त्यांची जन्मतारीख कुठल्या कागदावर नव्हती. “नाना पाटलांच्या पत्री सरकारच्या टायमाला माझा थोरला अंगावर पीत हुता,” असे त्या सांगत. म्हणजे ते १९४३ ते ४६ चे दिवस. माहेर आणि सासर दोन्ही पाटण तालुक्यातले. स्वातंत्र्यानंतर लवकरच त्या लालबागला आल्या. आजेसासरे गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होते. त्या धुळीने पुष्कळ कामगारांच्या छाती पोखरल्या, त्यांचीही पोखरली. १९६१ साली ते वारले. पदरी तीन मुले आणि राहायला एक खोली, एवढाच संसार मागे राहिला.

मोठीआईंनी गावाकडची वाट धरली नाही. त्याच खोलीत त्यांनी खाणावळ घातली. गिरण्या तीन पाळ्यांत चालत, म्हणून चूलही तीन पाळ्यांत पेटे. सकाळी सातच्या पाळीला जाणाऱ्याचा डबा पहाटे भरायचा आणि रात्री बाराला सुटणाऱ्याचे ताट झाकून ठेवायचे. बाईने निजावे कधी? पगार महिन्याने होई, पण वाण्याला पैसे आधी लागत. मग सावकाराकडे मंगळसूत्र ठेवायचे, सोडवायचे आणि पुन्हा ठेवायचे. गिरणगावात अशा बायका हजारोंनी होत्या.

१९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी खाणावळवालीला बँकेच्या दारात कोण उभे करणार? गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या प्रेमाताई पुरव यांनी ते काम केले. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि एकमेकींच्या जामिनावर बायकांना बँकेचे कर्ज मिळू लागले. मोठीआई त्यांत होत्या. अंगठा द्यायचा नाही म्हणून पन्नाशीच्या घरात त्या सही शिकल्या. हप्ता कधी चुकवला नाही.

भगिनींनो, खरी परीक्षा पुढे आली. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. तो संप संपल्याचे आजवर कोणी जाहीर केलेले नाही. मोठीआईंकडे तीस माणसे जेवत. बरीचशी गावी गेली, अकरा राहिली. त्यांच्याकडे द्यायला पैसा नव्हता आणि माझे सासरेही संपातच. मोठीआई म्हणाल्या, “गिरणीला टाळं लागलं, पोटाला न्हाय.” आठ महिने त्यांनी अकरा जणांना उधारीवर जेवू घातले. हातातल्या पाटल्या त्यात गेल्या.

हे ऐकताना आपल्याला अभिमान वाटतो. पण अर्धेच सांगून बसले तर ते खरे होणार नाही. त्या आठ महिन्यांत माझ्या सासूबाई दिवसा दुसऱ्याच्या घरी भांडी घासून घरी भाकऱ्या थापत होत्या. माझ्या मोठ्या नणंदेची शाळा नववीत सुटली, ती कायमचीच. “आधी आपली पोरं बघा,” असे सासूबाई तेव्हा स्पष्ट बोलल्या होत्या. त्यांचे चुकले असे मला वाटत नाही. घरातल्या एका बाईचे पुण्य दुसऱ्या दोघींच्या कष्टांवर उभे असते. मोठीआईंनाही ते ठाऊक होते. संपानंतर पहिले पैसे हाती आले, तेव्हा त्यांनी पाटल्या केल्या नाहीत, नणंदेला शिवणयंत्र घेऊन दिले. आज तिचे घर त्या यंत्रावर उभे आहे.

उधारीची वही नणंदच लिहीत असे. अकरांपैकी सहा जणांनी पैसे फेडले. एक जण दर दिवाळीला गावचा तांदूळ आणून देई. बाकीच्यांचा पत्ता लागला नाही. २०१२ साली गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली. तेव्हा त्या रोज मला विचारत, “आपल्यातला कुणी हाय का गं त्यात?”

शेवटच्या वर्षी त्यांची नजर गेली. तेव्हा त्या मला ती वही वाचायला सांगत. मी नाव आणि रक्कम वाचू लागले, की म्हणत, “पैशे नगं वाचूस, मान्सं वाच.”

आपल्या मंडळात आपण भिशी चालवतो, हळदीकुंकू करतो, सहली काढतो. माझी एकच सूचना आहे. प्रत्येकीने आपल्या घरातल्या वृद्ध बाईपाशी बसून तिची हकिकत लिहून घ्यावी आणि पुढच्या स्मरणिकेत द्यावी. ती लिहिताना तिच्या हाताखाली राबलेल्या सुना आणि मुलींची नावेही घालावीत. लिहिता येत नसेल त्यांनी मला हाक मारावी. माझे अक्षर बरे आहे.