कुरव येतात तापीकाठी



समुद्रपक्षी बघायचे म्हटले की धुळ्याचा माणूस कोकणाचं नाव घेतो. दिवाळीच्या सुमारास हर्णै बंदरात होड्यांवर कुरवांचे थवे घिरट्या घालतात. ते दृश्य बघावं असंच आहे. पण त्यातला तपकिरी डोक्याचा कुरव समुद्रकाठी जन्मतच नाही. त्याची घरटी असतात लडाखमध्ये, तिबेटमध्ये, त्सो मोरीरीसारख्या उंच तळ्यांकाठी. हे पाणी गोठायच्या आत तो दक्षिणेकडे निघतो. म्हणजे हर्णैला पोचण्याआधी त्याने अर्धा देश ओलांडलेला असतो, आणि मोठं पाणी दिसलं की तो मध्येही उतरतो.

असं पाणी आपल्या खानदेशात आहे. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम होतो आणि त्याच्या खाली हतनूरचं धरण आहे. एक्केचाळीस दरवाजांचं हे धरण गाळाने उथळ होत चाललंय. पाणीपुरवठ्याच्या दृष्टीने ही मोठी चिंता, यात शंका नाही. पण त्याच गाळात चिखलपक्ष्यांना किडे मिळतात, बदकांना पाणवनस्पती मिळतात. कपाशीची वेचणी सुरू झाली की तिकडे एक चक्कर जरूर मारा. धुळेकरांना तेवढं लांब जमत नसेल, तर नकाणे किंवा डेडरगाव तलावापासून सुरुवात करावी. तिथे कुरव दिसेलच असं नाही, पण पाणपक्षी बघायची नजर तिथेच तयार होते.

सकाळी ऊन पाठीमागे घेऊन उभं राहा. थव्याच्या दिशेने चालत जाऊ नका. एक पक्षी उडाला की सगळेच उठतात. हिवाळ्यात या कुरवाचं डोकं तपकिरी राहत नाही, पांढरं होतं. डोळ्यामागे काळसर ठिपका तेवढा उरतो. चोच लाल, टोकाशी काळी. पंखांची टोकंही काळी आणि त्या काळ्यात पांढरे ठिपके. त्याच्याच कुळातला सुरय अंगाने सडपातळ. शेपटी दुभंगलेली, चोच खाली पाण्याकडे वळवून उडणारा आणि मासा दिसताच सूर मारणारा.

सुरयांमधला पिवळ्या चोचीचा नदी सुरय मला सगळ्यात जवळचा. तो पाहुणा नाही, बारा महिने इथलाच आहे. आणि आज त्याचं नाव जगातल्या धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या यादीत आहे. मार्चनंतर नदीतल्या वाळूच्या बेटांवर उघड्यावरच तो अंडी घालतो. अंड्यांचा रंग वाळूसारखा, त्यामुळे ती दिसत नाहीत आणि पायाखाली जातात. भटकी कुत्री खातात, वाळूचे ट्रॅक्टर चिरडतात, धरणातून अचानक सोडलेलं पाणी वाहून नेतं. नदीपात्रात टरबुजाच्या वाड्या करणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना म्हणून मनापासून विनंती करतो. डोक्यावर सुरय ओरडत झेपा घेऊ लागले, तर अंडी जवळपास आहेत असं समजा. तेवढा वाळूचा पट्टा जून लागेपर्यंत मोकळा सोडा.