‘आम्ही’ राहू दे, तुम्ही काय केलंत?



संयोजकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि ‘लंडनबद्दल काहीही बोल’ म्हणून सांगितलंय. मग मी तिथल्या सरकारी मुलाखतीबद्दल बोलते.

एकवीस वर्षं खासगी कंपन्यांत सॉफ्टवेअरचं काम केल्यावर गेल्या वर्षी मी तिथल्या एका सरकारी खात्यात मॅनेजरच्या जागेसाठी अर्ज केला. पगार आत्तापेक्षा कमी. पण सामान्य माणसं ज्या ऑनलाइन फॉर्मवर अडखळतात, ते फॉर्म नीट करण्याचं काम होतं आणि ते मला करायचं होतं. राष्ट्रकुलातल्या देशांचे नागरिक, तिथे काम करण्याचा हक्क असेल तर, यातल्या बऱ्याच पदांसाठी अर्ज करू शकतात.

अर्जात नाव, वय, शाळा-कॉलेज असं ओळख पटवणारं काही येऊ द्यायचं नाही. निवडणाऱ्यांना फक्त तुमचं काम दिसावं म्हणून. आपल्या शाळेचं नाव लिहायचं नाही, याचं जरा वाईट वाटलं. मग लक्षात आलं, ऑक्सफर्डवाल्यांनाही ऑक्सफर्ड लिहिता येत नाही. तेव्हा बरं वाटलं! तिथेही एके काळी वशिल्यानेच नेमणुका होत. वशिला म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. १८५४ च्या नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवालाने गुणवत्तेवर, खुल्या स्पर्धेतून भरती करा असं सुचवलं, तिथून हे बदलत गेलं.

मुलाखतीत कोणते गुण तपासणार ते जाहिरातीतच छापलेलं असतं. निर्णय घेणं, माणसं सांभाळणं, वेळेत काम तडीस नेणं वगैरे. प्रत्येक गुणासाठी स्वतःच्या कामातला एक खरा प्रसंग सांगायचा: परिस्थिती काय होती, जबाबदारी कोणती होती, तुम्ही काय केलंत, त्यातून काय झालं. उत्तराला एक ते सात गुण. साधारणपणे चार मिळाले तर पास. समोरचे तिघं सगळं लिहून घेतात आणि तुम्ही जे बोललात त्यालाच गुण देतात.

तयारीसाठी एका निवृत्त सरकारी अधिकारी बाईंसमोर मी बोलून पाहत होते. त्या दर दोन वाक्यांनी थांबवायच्या: “आम्ही राहू दे, तुम्ही काय केलंत?” आता सांगा, निबंधात सलग तीन वाक्यं ‘मी’ने सुरू झाली की आपल्या मराठीच्या बाई लाल शाईने खुणा करायच्या. (बाई, तुम्ही हसताय, पण ती वही अजून आहे माझ्याकडे.) नऊ जणांच्या टीमचं काम एकटीच्या नावावर सांगायचं, हे मला खोटेपणाचं वाटत होतं.

शेवटी एकच प्रसंग घेऊन बसले. आमचा एक फॉर्म सुरू व्हायच्या चार दिवस आधी टीममधल्या एका मुलीला दिसलं की, अंधांसाठीचं वाचन-सॉफ्टवेअर तो फॉर्म वाचूच शकत नाही. वरून दबाव होता, तारीख हलवायची नाही. मी दोन आठवडे मागून घेतले, कारण लिहून दिलं, खाली सही केली. दोष सापडला तिला, दुरुस्त केला दोन मुलांनी, तारीख पुढे ढकलली मी. मुलाखतीत अगदी असंच सांगितलं. त्यात ‘मी’ होता, पण कुणाचं काही घेतलेलं नव्हतं.

तरी ही पद्धत बोलक्या माणसांच्या सोयीची आहे, असं माझं मत आहे. आमच्या टीममधला सगळ्यात हुशार मुलगा दोन वाक्यांपुढे बोलत नाही. त्याचं काय होईल तिथे?

निकाल: मी पास झाले, पण पहिली नाही. माझं नाव राखीव यादीत आहे. ती यादी बहुधा बारा महिने चालते, सात झाले आहेत. फोन आला तर बॅचच्या ग्रुपवर कळवीनच.

आणि ज्यांची मुलं तिकडे अर्ज करणार आहेत, त्यांनी जेवणाच्या वेळी मला गाठा. प्रसंग कसा लिहायचा ते पोळीभाजी खाताखाता सांगते.