चार दिवसांची दिल्ली

आमच्या बचत गटानं या हिवाळ्यात दिल्ली पाहायचं ठरवलं, आणि पहिला वाद झाला तो तारखेवरून. डिसेंबरात कापसाची वेचणी. मजुरी बुडवून कोण येणार? शिवाय डिसेंबर-जानेवारीत तिकडे असं धुकं पडतं, की गाड्या तासन् तास खोळंबतात. म्हणून फेब्रुवारीचा दुसरा आठवडा धरला. तेव्हा राष्ट्रपती भवनाची बाग, अमृत उद्यान, बहुधा उघडी असते, तीही फुकट. सोमवार मात्र टाळा. बाग आणि लाल किल्ला दोन्ही बंद.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तमिळनाडू, केरळ, जी.टी. या गाड्या नागपूरवरूनच जातात. म्हाताऱ्यांची तिकिटातली सवलत २०२० पासून बंद आहे. पण ४५ वर्षांच्या आणि त्यावरच्या बाईला, शिल्लक असली तर, खालची बर्थ मिळते. तेव्हा फॉर्मवर वय खरं लिहा, लाजू नका!

कर्जवाटपाच्या पैशाला हात लावायचा नाही, हे आधीच ठरलं. दर बैठकीत सहलीचे शंभर रुपये वेगळे. गटातल्या दोघी रोजमजुरीवर जगतात, त्यांना तेही जड. सगळ्या म्हणाल्या, तुमचे आम्ही भरतो. दोघींनी साफ सांगितलं, "फुकट येणार नाही." मग पुऱ्या, चिवडा, चटणी त्या करतील, सामान आमचं, आणि ती मेहनत वर्गणीत धरायची.

दिल्लीच्या मेट्रोत सगळ्यात पुढचा डबा बायकांचा असतो. चुकामूक झालीच तर तिथेच भेटायचं. आता घरोघरी विचारणं चाललंय, चार दिवस चूल कोण पाहील?